टॅब हाती देण्यापूर्वी: विद्यार्थ्यांची मूलभूत डिजिटल कौशल्ये पडताळण्याची पद्धत

लोकवर्गणीतून, एखाद्या कारखान्याच्या देणगीतून किंवा शासकीय योजनेतून शाळेत टॅब आले की ते लवकरात लवकर मुलांच्या हाती द्यावेत, असे मुख्याध्यापकांपासून शाळा व्यवस्थापन समितीपर्यंत सर्वांना वाटते. पहिल्या तासिकेला मात्र वेगळेच चित्र दिसते. निम्मी मुले लॉगिनच्या पानावर अडकलेली असतात, काहींनी कॅमेरा उघडून शेजाऱ्याचा फोटो काढलेला असतो, दोघा-तिघांच्या टॅबची भाषा बदललेली असते, आणि अपूर्णांकांचा पाठ शिकवायला आलेल्या शिक्षकांची चाळीस मिनिटे बाकांमधून धावपळ करण्यात संपतात. हा वेळ वाचवायचा असेल तर कोणत्या मुलाला नेमके काय येते याची पडताळणी आधी करावी लागते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील दोन-तीन शिक्षकी प्राथमिक शाळा तसेच मोठ्या पटाच्या माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवून ही पद्धत येथे मांडली आहे. तिच्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. कागद, पेन आणि शाळेत असलेलीच साधने पुरतात.

"मुलांना सगळे येते, घरी दिवसभर मोबाइलच तर असतो हातात," हे वाक्य प्रत्येक पालक सभेत ऐकू येते आणि शिक्षकही ते खरे धरून चालतात. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटाविषयी 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालात दिलेली माहिती या समजुतीला चांगलाच छेद देते. सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी तो वापरता येतो असे सांगितले. परंतु वापरता येणाऱ्यांपैकी मागील आठवड्यात शिक्षणाशी संबंधित कामासाठी तो वापरणारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. मुलांची बोटे सरावलेली आहेत यात शंका नाही, मात्र ती व्हिडिओ सरकवण्याला सरावलेली आहेत. फाइलला नाव देणे, ती पुन्हा शोधणे, पासवर्ड बिनचूक टाइप करणे, जोडाक्षरांसह मराठी वाक्य लिहिणे या गोष्टी त्या सरावातून आपोआप येत नाहीत. म्हणून "येते का?" असे विचारू नये, "करून दाखव" म्हणावे. पुढची सगळी पद्धत याच एका तत्त्वावर उभी आहे.

पहिली पायरी: साधनावर काय करायचे ते आधी ठरवणे

पडताळणीची यादी तयार करण्याची सुरुवात पाठांपासून करावी. युनेस्कोने २०१८ साली मांडलेल्या डिजिटल साक्षरतेच्या जागतिक चौकटीत सात क्षेत्रे आहेत: साधन व सॉफ्टवेअर हाताळणे, माहिती शोधणे व पारखणे, संवाद व सहकार्य, आशयनिर्मिती, सुरक्षितता, अडचणी सोडवणे आणि व्यवसायाशी निगडित कौशल्ये. विचार करण्यासाठी ही चौकट चांगली आहे, पण ती जशीच्या तशी पाचवीच्या वर्गावर लादली तर पडताळणीतच सहामाही उलटेल. त्याऐवजी पुढील तीन महिन्यांत वर्गात साधनांवर कोणते उपक्रम होणार आहेत ते विषयशिक्षकांनी एकत्र बसून लिहावे आणि त्या प्रत्येक उपक्रमासाठी मुलाला हाताने काय करावे लागेल याची फोड करावी.

समजा, सातवीच्या विज्ञानाच्या शिक्षकांना पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोड दीक्षा या शासकीय शैक्षणिक अ‍ॅपमधून स्कॅन करून घेऊन व्हिडिओ दाखवायचा आहे आणि नंतर मुलांकडून परिसरातील वनस्पतींची छायाचित्रे व त्यांखाली दोन ओळींची माहिती तयार करून घ्यायची आहे. या एका उपक्रमात अ‍ॅप उघडणे, कॅमेऱ्याला परवानगी देणे, कोड चौकटीत धरणे, आवाज कमी-जास्त करणे, छायाचित्र काढणे, ते गॅलरीत शोधणे, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये घेणे, मराठीत लिहिणे, नाव देऊन जतन करणे आणि शिक्षकांना पाठवणे एवढ्या कृती दडलेल्या आहेत. असे तीन-चार उपक्रम फोडून पाहिले की त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा येताना दिसतात. अशा आठ ते दहा कृती म्हणजेच आपली पडताळणीची यादी होय. ज्या कृतीची येत्या तीन महिन्यांत गरज नाही ती कितीही महत्त्वाची वाटली तरी सध्या वगळावी.

दुसरी पायरी: साधनांची तपासणी

मुलाला आले नाही की टॅबलाच जमले नाही, असा गोंधळ पडताळणीच्या वेळी नको. प्रत्येक साधन पूर्ण चार्ज केलेले असावे, त्यावर मराठी कळफलक आधीच सुरू केलेला असावा, लागणारी अ‍ॅप अद्ययावत असावीत आणि सर्व साधनांवर ती पडद्यावर एकाच जागी असावीत. प्रत्येक साधनाला ठळक क्रमांक चिकटवावा. पाटण, जावळी, शिराळा या भागांत पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, त्यामुळे पडताळणीतील बहुतेक कृती नेटशिवाय होतील अशाच ठेवाव्यात. दीक्षावरील आशय आधी डाउनलोड करून ठेवता येतो. शोध घेण्याची एखादी कृती नेटवर अवलंबून असेल तर ती वेगळ्या दिवशी घ्यावी.

तिसरी पायरी: घरच्या वापराची माहिती

ही माहिती वर्गात हात वर करायला सांगून कधीही गोळा करू नये. ज्याच्या घरी फोन नाही ते मूल हात वर करते आणि खोटे बोलल्याचे ओझे घेऊन खाली बसते. त्याऐवजी छोटी चिठ्ठी द्यावी किंवा मुलाशी एकट्याने दोन मिनिटे बोलावे. "घरी मोबाइल आहे का?" या प्रश्नातून फारसे काही कळत नाही. फोन कोणाचा आहे, तो संध्याकाळी किती वेळ घरात असतो, तू त्यावर शेवटचे काय केलेस, लिहायचे असेल तर टाइप करतोस की बोलून लिहितोस, आणि फोन आधी कोणाला मिळतो, हे प्रश्न विचारावेत. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात अनेक मुली "दादाला" असे सांगतील. पडताळणीत ती मुलगी मागे पडली तर त्यामागे तिची समज कमी नसून तिला सराव मिळालेला नाही, हे या चिठ्ठीमुळे आधीच लक्षात येते.

चौथी पायरी: कृती आणि त्यांत नेमके काय पाहायचे

कृती साध्या असाव्यात, पण निरीक्षण बारीक असावे. सुरुवात साधन सुरू करणे, पडदा उघडणे, उजेड व आवाज कमी-जास्त करणे आणि शेवटी ते योग्य रीतीने बंद करणे यांपासून करावी. बहुतेक मुलांना हे जमते, त्यामुळे त्यांची भीड चेपते. शाळेत टॅबऐवजी लॅपटॉप किंवा संगणक असतील तर मात्र येथे घाई करू नये. केवळ मोबाइल वापरलेले मूल पडद्यालाच बोट लावते, टचपॅडवर बोट उचलून उचलून ठेवते, दोनदा क्लिक करताना मध्ये इतका वेळ घेते की काहीच उघडत नाही, आणि खिडकी लहान करणे व बंद करणे यांत गल्लत करते. हे चार मुद्दे वेगवेगळे नोंदवावेत, कारण त्यांचा सराव वेगवेगळा घ्यावा लागतो.

त्यानंतर लॉगिन. कार्डावर छापलेले वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड देऊन ते जसेच्या तसे टाइप करायला सांगावे. त्यात एक मोठे इंग्रजी अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह असावे. कळफलक मराठीवरून इंग्रजीवर नेता येतो का, अंकांचे पान सापडते का, चूक झाल्यावर मूल सगळे पुसते की चुकलेले अक्षरच दुरुस्त करते, आणि शून्य व इंग्रजी ओ यांतला फरक त्याच्या ध्यानात येतो का, ते पाहावे. वर्गातील सर्वाधिक वेळ लॉगिनमध्ये वाया जातो, म्हणून बाकी काही गाळावे लागले तरी ही कृती गाळू नये.

क्यूआर कोडची कृती घेताना कॅमेऱ्यासोबत दुसरा मार्गही तपासावा. पाठ्यपुस्तकातील कोडखाली सहा अक्षर-अंकांचा संकेत छापलेला असतो. पान चुरगळलेले असेल किंवा कॅमेरा धुरकट असेल तर तो टाइप करूनही आशयापर्यंत पोहोचता येते. एक मार्ग बंद झाल्यावर मूल दुसरा शोधते, मदत मागते की गप्प बसून राहते, याची नोंद पुढे फार उपयोगी पडते.

मराठी टंकलेखनाच्या कृतीला अधिक वेळ द्यावा, असे माझे आग्रही मत आहे. इंग्रजी सूचनांसाठी तयार झालेल्या बहुतेक पडताळणी याद्यांमध्ये ही कृतीच नसते आणि आपल्या मुलांना तर बहुतांश लेखन मराठीत करायचे असते. मुलाला तोंडी एक वाक्य सांगावे: "तासगावच्या द्राक्षांचे घड पायऱ्यांवर ठेवले होते." या एका वाक्यात च्या, द्रा, क्षां आणि ऱ्यां अशी चार अवघड ठिकाणे आहेत. इनस्क्रिप्ट या थेट देवनागरी अक्षरांच्या कळफलकावर जोडाक्षरासाठी हलंताची कळ मधे दाबावी लागते, हे ठाऊक नसलेले मूल "दराकषां" असे काहीतरी लिहून थांबते. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्या कळफलकावर अडचण वेगळी असते: तेथे मुलाला आधी इंग्रजी स्पेलिंगचा अंदाज बांधावा लागतो आणि मग सुचवलेल्या शब्दांतून योग्य तो निवडावा लागतो. म्हणजे मराठी लिहिण्यासाठी आपण त्याच्या इंग्रजी अक्षरओळखीची परीक्षा घेत असतो. शाळेने कोणता कळफलक ठेवायचा ते आधी ठरवून पडताळणी त्यावरच घ्यावी. घरी माइकवर बोलून लिहिण्याची सवय असलेली मुले येथे हमखास माइकचे चिन्ह शोधतात. त्यांना त्याबद्दल रागावू नये. फक्त या कृतीपुरते हाताने लिहायला सांगावे आणि बोलून लिहिता येते ही गोष्ट गुण म्हणून नोंदवावी.

पुढची कृती जतन करण्याची. मुलाने लिहिलेले वाक्य स्वतःच्या नावाने जतन करावे, अ‍ॅप बंद करावे, शेजारच्या मुलाशी साधनाची अदलाबदल करून पुन्हा आपले साधन घ्यावे आणि फाइल शोधून उघडावी. ही अदलाबदल मुद्दाम ठेवली आहे. मोबाइलवर बहुतेक गोष्टी आपोआप जतन होतात, त्यामुळे फाइल कोठेतरी ठेवलेली असते ही कल्पनाच अनेक मुलांच्या मनात नसते. शाळेत एकच टॅब सकाळी पाचवीच्या आणि दुपारी आठवीच्या वर्गात जातो. त्या टॅबवर "अनटायटल्ड" नावाच्या अनेक फाइल साठल्या की आपली कोणती, हे कोणालाच कळत नाही.

माहिती शोधण्याच्या कृतीत उत्तर सापडले की नाही एवढ्यावर थांबू नये. "कोयना धरण कोणत्या तालुक्यात आहे?" असा आपल्या भागातला प्रश्न द्यावा, कारण पाटण हे उत्तर शिक्षकांना आणि बऱ्याच मुलांना माहीत असते, त्यामुळे लक्ष उत्तराकडून शोधण्याच्या रीतीकडे जाते. मूल पूर्ण प्रश्न टाइप करते की नेमके शब्द निवडते, पहिल्याच ओळीवर बोट ठेवते की दोन ठिकाणे पाहते, जाहिरात ओळखते का, हे पाहावे.

सुरक्षिततेची पडताळणी साधनावर न करता कागदावर करावी. तीन छापील संदेश दाखवावेत: शिष्यवृत्ती मिळाल्याचे सांगून ओटीपी मागणारा, अनोळखी व्यक्तीने फोटो मागणारा, आणि वर्गमित्राची टिंगल करणारे चित्र पुढे पाठवायला सांगणारा. "तू काय करशील?" एवढेच विचारावे आणि उत्तर मुलाच्या शब्दांत लिहून घ्यावे. मुलाने घडून गेलेला एखादा गंभीर प्रसंग सांगितला तर पडताळणी तेथेच थांबवून मुख्याध्यापकांना विश्वासात घ्यावे. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि बालकांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक शिक्षकांजवळ असावेत.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष पडताळणी

एका वेळी चार मुले, समोर एक शिक्षक आणि बाकीच्या वर्गाला लेखी काम, अशी मांडणी सर्वांत सोयीची ठरते. एका गटाला साधारण वीस ते पंचवीस मिनिटे धरावीत. दोन शिक्षकी शाळेत रोज परिपाठानंतर एकच गट घेतला तरी चालते. आठ-दहा दिवस लागले तर लागू द्यावेत. सगळा वर्ग एका दिवसात उरकण्याच्या नादात निरीक्षण हरवते. मोठ्या वर्गांतील हुशार मुलांना साधने मांडण्याच्या मदतीला घ्यावे, नोंदी करायला मात्र बसवू नये.

सूचना तोंडी आणि मुलाला कळेल त्या भाषेत द्याव्यात. जत तालुक्याच्या सीमेवरील गावांत घरी कन्नड बोलणारी मुले असतात. मराठी सूचना न कळल्याने ते मूल थांबले आणि आपण "टॅब येत नाही" असे लिहिले, तर ती नोंद खोटी ठरते. वाचनात मागे असलेल्या मुलासाठी पडद्यावरील मजकूर वाचून दाखवावा. येथे आपण त्याचे वाचन तपासत नसून साधनाची हाताळणी तपासत आहोत.

सर्वांत अवघड शिस्त शिक्षकांनी स्वतःला लावायची असते: मुलाच्या हातातून टॅब घ्यायचा नाही. मूल अडले की मनात दहापर्यंत मोजावे. मग "अजून कोठे पाहता येईल?" असे विचारावे. तरीही जमले नाही तर कोणते चिन्ह शोधायचे ते शब्दांत सांगावे, मग बोटाने दाखवावे, आणि अगदी शेवटी दुसऱ्या साधनावर करून दाखवावे. कोणत्या टप्प्यावर जमले, तीच आपली नोंद.

सहावी पायरी: नोंदी

गुण देऊ नयेत. दहापैकी सहा गुणांवरून पुढच्या सोमवारी काय शिकवायचे ते कळत नाही. प्रत्येक कृतीपुढे चारपैकी एक अक्षर लिहावे: "स्व" म्हणजे स्वतः केले, "सू" म्हणजे शब्दांतील सूचनेने केले, "दा" म्हणजे दाखवल्यावर केले, "ना" म्हणजे अजून जमले नाही. शेजारी एका ओळीची जागा मोकळी ठेवावी, कारण कामाची गोष्ट बहुधा तेथेच लिहिली जाते. उदाहरणार्थ, हजेरी क्रमांक १४ पुढे अशी नोंद असू शकते: "लॉगिन सू, टंकलेखन दा, जतन ना, शोध स्व. अंकांचे पान सापडले नाही. जोडाक्षर एकदा दाखवल्यावर पुढचे तीन शब्द स्वतः लिहिले. पडदा डोळ्यांच्या फार जवळ धरतो." यातील शेवटच्या वाक्याचा डिजिटल कौशल्याशी संबंध नाही, पण मुलांची आरोग्य तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा त्या मुलाचे डोळे आवर्जून तपासून घ्यायचे, हे त्यातून ठरते. दृष्टी किंवा हातांच्या हालचालीची अडचण असलेल्या मुलासाठी अक्षरांचा आकार वाढवून किंवा पडदा वाचून दाखवणारी सोय सुरू करून तीच कृती पुन्हा घ्यावी आणि कोणत्या सोयीने जमले ते लिहावे.

या नोंदी आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, श्रेणीत मिसळू नयेत. घरी फोन नसलेल्या मुलाला त्याबद्दल कमी श्रेणी देणे अन्यायाचे होईल. नोंदीचा कागद वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याचा मोहही टाळावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अपेक्षा आहे. म्हणून मुलांच्या नावाने खाते उघडायचे असेल तर संमतिपत्र आधी घ्यावे.

सातवी पायरी: निष्कर्षांवरून वर्गाची आखणी

सर्व नोंदी एका मोठ्या तक्त्यावर मांडल्या की आडव्या ओळीत मूल आणि उभ्या ओळीत कृती दिसते. प्रथम उभ्या ओळी वाचाव्यात. एखाद्या कृतीत वर्गातील एक तृतीयांशाहून अधिक मुलांपुढे "दा" किंवा "ना" असेल तर ती कृती पूर्ण वर्गाला, विषयाचा पाठ सुरू होण्यापूर्वी, स्वतंत्र तासिकेत शिकवावी. तेवढी मुले नसतील तर लहान गट पुरतो. लॉगिन आणि जतन या दोन कृती बहुतेक शाळांत पहिल्या प्रकारात येतील, अशी तयारी ठेवलेली बरी.

आडव्या ओळींवरून जोड्या लावाव्यात, परंतु येथे एक सावधगिरी हवी. येणारे आणि न येणारे मूल शेजारी बसवले की येणारे मूल टॅब ओढून घेते, काम झटपट होते आणि दुसरे मूल केवळ प्रेक्षक राहते. त्यामुळे टॅब नेहमी कमी सराव असलेल्याच्या हातात राहील आणि जोडीदार फक्त बोलून सांगेल, हात लावणार नाही, असा नियम पहिल्याच दिवशी करावा. जोड्या दर पंधरवड्याला बदलाव्यात. मुलगा-मुलगी अशा जोड्यांत साधन कोणाच्या हाती जाते यावर विशेष लक्ष ठेवावे.

पालकांशी बोलणे याच टप्प्यावर व्हावे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि त्याची चर्चा सर्वदूर झाली. मुलांच्या हातातून मोबाइल काढून घेण्यासाठी धडपडणाऱ्या पालकांना शाळाच टॅब देते म्हटल्यावर शंका येणे साहजिक आहे. पालक सभेत त्यांना तक्ता न दाखवता केवळ कृतींची यादी दाखवावी: येथे मूल पासवर्ड सांभाळायला, स्वतःचे काम जपून ठेवायला आणि फसवा संदेश ओळखायला शिकणार आहे. घरी सरावाची सक्ती करू नये.

आठवी पायरी: फेरपडताळणी

सहा ते आठ आठवड्यांनी फक्त "दा" आणि "ना" असलेल्या कृती पुन्हा घ्याव्यात. पूर्ण यादी फिरवण्याची गरज नाही. वाक्य आणि पासवर्ड बदलावेत, नाहीतर पाठांतर तपासले जाईल. मुलांना जमत नाही असे वाटणारी एखादी कृती सर्वांनाच पुन्हा अडली, तर दोष साधनाच्या मांडणीत किंवा आपल्या सूचनेत आहे का ते पाहावे.

दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गाळप सुरू झाले की कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यातील शाळांमध्ये ऊसतोड कुटुंबांची मुले दाखल होतात. जूनमध्ये झालेल्या पडताळणीत ती नसतात आणि वर्ग तोवर पुढे गेलेला असतो. त्यांच्यासाठी लॉगिन, मराठी टंकलेखन आणि जतन या तीन कृतींची दहा मिनिटांची छोटी पडताळणी दाखल झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच घ्यावी आणि त्यांना सरावलेला जोडीदार द्यावा. हंगाम संपल्यावर हे मूल गावी परतते तेव्हा शिक्षण हमी पत्रकासोबत (स्थलांतरित मुलाचे शिक्षण दुसऱ्या शाळेत पुढे सुरू राहावे म्हणून दिले जाणारे पत्र) त्याच्या नोंदीची एक प्रत जोडावी, म्हणजे तेथील शिक्षकांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.